स्वतःच्या मजुरीचा रकाना: तावेउनी बेटावरची पाच दिवसांची शेती-हिशेब कार्यशाळा

कार्यशाळा संपली त्याच संध्याकाळी लिहायला बसले होते, पण हात आवरला. शेवटच्या दिवशी सगळेच भारावलेले असतात. शेतीच्या हिशेबाची परीक्षा पुढच्या पिकाला होते, म्हणून ते पीक निघेपर्यंत थांबले. आता वह्या बघून लिहितेय.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं फिजीत आहोत, त्यातली तीन तावेउनीवर. त्याआधी पंधरा वर्षं मी एका पतसंस्थेत हिशेब बघत होते. इथे ज्यांच्या घरात आम्ही भाड्याने राहतो ते चाचा-चाची गिरमिटियांच्या, म्हणजे भारतातून कराराने आणलेल्या ऊसमजुरांच्या, चौथ्या पिढीतले. त्यांचा दालो आणि यांगोनाचा मळा आहे आणि त्याच्या कडेचा अर्धा एकर मी चाचांच्या परवानगीने लावते. दालो म्हणजे अळूचा कंद, पण आपल्या अळकुडीच्या कितीतरी पट मोठा. यांगोना म्हणजे कावा. त्याच्या मुळ्या वाळवून, कुटून, पाण्यात कालवून पितात. बेटावरच्या बहुतेक छोट्या शेतकऱ्यांचा संसार या दोन पिकांवर चालतो.

कार्यशाळा मोफत होती. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते दुपारी तीन, गावच्या सभागृहात, जुलै महिन्यात. अठ्ठावीस जणांनी नावं दिली होती. प्रशिक्षक बाई शेजारच्या वानुआ लेवू बेटाच्या, स्वतः शेतकऱ्याच्या घरातल्या. घेणाऱ्या संस्थेचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत. शेतकऱ्यांसमोर खडू घेऊन उभं राहणाऱ्या कुणालाही यातलं काही उपयोगी पडावं, एवढ्यासाठी हे लिहितेय.

सुरुवात सेवूसेवूने झाली. पाहुण्यांनी यांगोनाची मुळी यजमानांपुढे ठेवायची, त्यांनी ती स्वीकारायची, मग तानोआमधून, म्हणजे लाकडी परातीतून, कालवलेला यांगोना नारळाच्या करवंटीत सगळ्यांना द्यायचा. यात पाऊण तास गेला आणि वेळापत्रक पहिल्याच दिवशी मागे पडलं. मला तो पाऊण तास वाया गेला असं मुळीच वाटलं नाही. ज्याने आपल्या हातची करवंटी घेतली, त्याच्यापुढे माणूस आपलं कर्ज सांगतो. एरवी सांगत नाही.

पहिला दिवस घराचे पैसे आणि शेताचे पैसे वेगळे करण्यात गेला. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी शिकवण्याची पद्धत बघण्यासारखी होती. बाईंनी प्रत्येकाला बिस्किटांचे दोन रिकामे डबे दिले. एकावर घर, दुसऱ्यावर मळा. पैशांच्या जागी करंजाएवढ्या बिया होत्या. मग त्या एकेक प्रसंग सांगत गेल्या: ट्रकवाल्याला द्यायचे, साखर आणायची, चर्चची सोली म्हणजे वर्गणी द्यायची, विळा मोडला, पुतण्याचं लग्न. दर वेळी बी कुठल्या डब्यातून काढायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. तासाभरात बहुतेकांचा मळ्याचा डबा रिकामा झाला होता आणि घराच्या डब्यात अजून बिया होत्या. कुणी काही म्हणायची गरजच पडली नाही. चाची मला कोपराने ढोसून हळूच म्हणाल्या, "आमच्या घरी असंच होतं गं. लावणीच्या वेळी खिशात काही नसतं."

या कार्यशाळेचं खरं मोल मंगळवारच्या धड्यात होतं, तेव्हा तिथे जरा थांबते.

बाईंनी विचारलं, शेवटच्या दालोच्या काढणीचा हिशेब फळ्यावर मांडायला कोण येतंय? एक वयस्कर शेतकरी उठले. सगळं गाव त्यांना मोमो म्हणतं, मीही तेच म्हणते. मोमोंना सगळे आकडे तोंडपाठ होते. सहाशे किलो दालो निघाला. पॅकहाउसने, म्हणजे माल निवडून-बांधून निर्यातीला पाठवणाऱ्यांनी, 510 किलो घेतला, उरलेले 90 किलो कंद लहान म्हणून परत आले. किलोला दोन फिजी डॉलर धरून 1020 डॉलर हातात. खर्च तणनाशकाला 90, लावणीच्या मजुरांना 150, काढणी-धुणीला 120, ट्रकला 80, असा एकूण 440. उरले 580. मोमो खडू ठेवून समाधानाने वळले. त्यांच्या मते हा नफा.

बाईंनी विचारलं, "मोमो, तुम्ही स्वतः किती दिवस राबलात?"

मोमो म्हणाले, वीसेक. तेवढ्यात मागच्या रांगेतून त्यांच्या पत्नींचा आवाज आला, "आणि खुरपणी कुणी केली?" बाईंनी त्यांना पुढे बोलावलं. त्या बोटांवर मोजत गेल्या. पहिली खुरपणी इतके दिवस, दुसरी इतके, पावसानंतर पुन्हा. अठरा दिवस झाले. मुलाने शनिवारी येऊन मदत केली त्याचे सात. एकूण पंचेचाळीस. बाईंनी भागाकार स्वतः केला नाही. मोमोंच्या नातीला बोलावलं, सातवीत शिकते ती. तिने फळ्यावर भागाकार मांडला. 580 भागिले 45. तेरा डॉलरही येईनात.

ज्या मजुरांना मोमो दिवसाला तीस डॉलर देत होते, त्यांच्या निम्म्याहूनही कमी त्यांना स्वतःला मिळत होतं. सभागृहात अगदी शांतता पसरली. मोमो फळ्याकडे बघत उभे राहिले आणि मग त्यांनी आपल्या पत्नीकडे बघितलं. अठरा दिवसांचा तो आकडा त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

इथे वाईट प्रशिक्षक असता तर म्हणाला असता, दालो परवडत नाही, दुसरं काही लावा. बाईंनी तसं केलं नाही. त्यांनी त्या 90 किलोंवर बोट ठेवलं. कंद लहान का राहिले? मोमो म्हणाले, जानेवारीत काढले म्हणून. जुलैत लावलेलं पीक सहा महिन्यांत काढलं, दालोला तर सात ते नऊ महिने लागतात. मग जानेवारीतच का काढलं? कारण जानेवारीच्या शेवटी शाळा सुरू होतात. गणवेश, बूट, वह्या, बसचे पैसे. ते 90 किलो पोसले गेले असते तर 180 डॉलर आणखी आले असते आणि रोजची मजुरी सतराच्या जवळ गेली असती. म्हणजे तोटा ना जमिनीत होता, ना भावात. घरात जानेवारीत पैसे नव्हते, तिथे होता.

मी हिशेबात आयुष्य घालवलंय. ताळेबंद कसा वाचायचा ते अनेकांना शिकवलंय. पण एका लहान कंदापासून निघून शाळेच्या बुटांपर्यंत हिशेब असा चालत जाताना मी आधी कधी पाहिला नव्हता.

बुधवार मात्र वाया गेला आणि ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. आमच्या बाजूला पॅकहाउसचा ट्रक बुधवारी येतो. हे बेटावरचं लहान मूलही सांगेल. कार्यशाळा आखणाऱ्यांनी एकाला विचारलं असतं तरी पुरलं असतं. अठ्ठावीसपैकी अकरा जण त्या दिवशी हजर होते. आणि नेमका त्या दिवशीचा विषय होता वर्षभराचं पैशांचं कॅलेंडर: कुठल्या महिन्यात किती येणार, किती जाणार, कुठे खड्डा पडणार. म्हणजे आदल्या दिवशी मोमोंच्या हिशेबात जे दुखणं सापडलं, त्याचं औषध. ते औषध घ्यायला मोमोच नव्हते, ते ट्रकवर दालो चढवत होते. बाईंनी गुरुवारी सकाळी अर्धा तास काढून पुन्हा सांगितलं, पण घाईघाईत. मी आणि चाचींनी नंतर आमच्या ओट्यावर चार घरांना बसवून ते कॅलेंडर भरून घेतलं. तसं केलं नसतं तर पुढे जे झालं ते झालं नसतं.

केरेकेरेबद्दल लिहायलाच हवं. इथल्या आदिवासी, म्हणजे इतौकेई समाजात नातेवाइकाने काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. तेल मागा, दालो मागा, वीस डॉलर मागा. या मागण्याला केरेकेरे म्हणतात. शिवाय चर्चला आणि गावाला द्यायची सोली असते. बाहेरून आलेल्या पैशाच्या पंडितांना हे म्हणजे बचतीला लागलेली गळती वाटते. छापील पुस्तिकेतही एक वाक्य तसंच होतं, ‘अनावश्यक सामाजिक खर्च टाळा’. बाईंनी ते वाक्य सगळ्यांना खोडायला लावलं. मग वहीत एक नवं पान काढायला सांगितलं: डावीकडे दिलेलं, उजवीकडे मिळालेलं. उजव्या बाजूला फक्त पैसे लिहायचे नाहीत. चक्रीवादळानंतर छप्पर घालायला गावातले लोक चार दिवस येऊन गेले, तेही लिहायचं, माणसं गुणिले दिवस. सगळ्यांनी मिळून एकमेकांचं काम उरकायचं, त्याला इथे सोलेसोलेवाकी म्हणतात. ती मजुरी रोखीने द्यावी लागली असती तर किती झाली असती, ते त्यांनी मांडून दाखवलं. दोन-तीन जणांचं उजवं पान डाव्यापेक्षा जड निघालं.

पण बाईंनी दुसरी बाजूही लपवली नाही. सोली किती आणि कधी ते वर्षभर आधी ठाऊक असतं, मग ती कॅलेंडरमध्ये आधीच लिहा, म्हणाल्या. आणि ज्याने छोटं दुकान टाकलंय त्याने दुकानातल्या मालाचं केरेकेरे घराच्या डब्यातून भरायचं, दुकानाच्या गल्ल्यातून नाही. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, फक्त कुठल्या डब्यातून दिलं ते लिहायचं. समाजाची रीत न मोडता हिशेब चोख ठेवायला शिकवणारी अशी बाई मी पाहिली नव्हती. एवढ्यासाठी मी या कार्यशाळेला पूर्ण गुण देईन.

समुद्राचा धडाही चांगला झाला. बेटावरच्या शेतकऱ्याचा खर्च जमिनीवर थोडा आणि पाण्यावर जास्त असतो. फिजीत तीनशेहून अधिक बेटं आहेत आणि मोठी बाजारपेठ आहे राजधानी सुव्यात. तिथे पोतं पाठवायचं तर बोटीवर रात्र काढावी लागते. दोन वर्षांपूर्वी मी बारा पोती दालो पाठवला होता. हवामान बिघडलं, बोट तीन दिवस उशिरा सुटली आणि चार पोती सडली. भाडं मात्र बाराचं भरलं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनी त्याचंच उदाहरण केलं. त्यांचा साधा आडाखा असा: दहा पोत्यांचं भाडं लिहा, विक्री आठांचीच धरा, आणि तरी पैसे उरत असतील तरच बोटीवर चढवा, नाहीतर पॅकहाउसचा कमी भावही चांगला. मी तेव्हापासून तोच आडाखा वापरते.

एकाच पिकावर विसंबण्याच्या धोक्याबद्दल त्यांनी सामोआची गोष्ट सांगितली. 1993 मध्ये तिथे दालोच्या पानांवर करपा आला आणि निर्यातीचा धंदा बघता बघता बसला. न्यूझीलंडची ती बाजारपेठ मग फिजीकडे आली, त्यातही तावेउनीकडे. आज आमच्या मळ्यात जी गुलाबीसर गराची जात लावतात तिचं नावच मुळी ‘ताउसाला नी सामोआ’. म्हणजे आम्ही ज्या भाकरीवर जगतो ती दुसऱ्या बेटाच्या आपत्तीतून आली आहे, आणि तो रोग काही समुद्र ओलांडणारच नाही अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. हे ऐकताना चाचांनी मान खाली घातली होती. त्यांच्या मळ्यात बहुतेक दालोच आहे.

तेव्हाच मागून एका तरुण शेतकऱ्याने विचारलं, "यात मातीचा रकाना कुठे आहे?" फार मोलाचा प्रश्न होता. निर्यातीच्या मागे लागून इथे वर्षानुवर्षं दालोवर दालो लावला गेला, जमीन थकली आणि उत्पन्न घटलं. मग म्यूकुना नावाची शेंगवर्गीय वेल लावून जमिनीला विसावा द्यायची पद्धत इथे आली. वेल जमीन झाकते, तण दाबते, नत्र देते. पण ते महिने त्या तुकड्यातून एक डॉलरही येत नाही. तो विसावा म्हणजे खर्च की गुंतवणूक? पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. बाईंनी प्रामाणिकपणे फळ्यावर ‘माती’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि वर्गालाच बोलतं केलं. तासभर चर्चा झाली, ठाम काही निघालं नाही. तरी हा तास मला आवडला. पुढच्या वेळी संस्थेने या एका मुद्द्यासाठी शेतीखात्याचा जाणकार माणूस बोलवावा.

जमिनीच्या कराराचा रकानाही पुस्तिकेत नव्हता आणि ही चूक मला गंभीर वाटते. फिजीतली बहुतेक जमीन इतौकेई कुळांच्या मालकीची आहे, ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. 1976 च्या कायद्याने शेतीचा पट्टा किमान तीस वर्षांचा असतो. चाचांच्या पट्ट्याची सहा वर्षं उरली आहेत. यांगोना नीट पोसायला तीन ते पाच वर्षं लागतात. मग चाचांनी यंदा यांगोना लावावा का? लावला तर काढता येईल, पण त्यानंतर दुसरा लावायला वेळ उरत नाही. रोपं, कुंपण, शेड यांवर आज खर्च करावा की नाही? पुस्तिकेतला नफ्या-तोट्याचा तक्ता दहा वर्षांचा होता, जणू जमीन कायमचीच आपली. वर्गातल्या नऊ भारतवंशी घरांसाठी पहिला प्रश्न पट्ट्याचाच होता. मी उठून बोलले तेव्हा बाईंनी तक्त्यात वरच एक ओळ वाढवली: पट्ट्याची उरलेली वर्षं. त्यांनी ऐकलं याचं समाधान आहे. पण फिजीत पुस्तिका छापणाऱ्यांना हे आधी सुचायला हवं होतं.

गुरुवारचा कर्जाचा तास अगदी सुमार. एक अधिकारी आले, इंग्रजीतल्या स्लाइड वाचून दाखवल्या आणि गेले. व्याज उरलेल्या रकमेवर मोजतात की मूळ रकमेवर, हा एकच प्रश्न चाचींनी विचारला होता. त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी तो फरक चाचींना दगड मांडून समजावला. बारा दगड मांडले, महिन्याला एक उचलत गेले आणि म्हटलं, उरलेल्या दगडांवर व्याज लागतं का, की शेवटपर्यंत बाराही दगडांवर लागतं, एवढंच विचारा आणि कागदावर लिहून घ्या. बघता बघता भोवती सात-आठ बायका जमल्या. यावरून एक सांगते: भाषांतराची सोय नसणं हा मोठा दोष आहे. बाई इतौकेई भाषेत आणि इंग्रजीत शिकवत होत्या. फिजी हिंदी बोलणारे निम्मे शब्द सोडून देत होते. मी जमेल तसं कानात सांगत राहिले, पण मी तिथे योगायोगाने होते.

मोबाइलवरून पैसे पाठवायचा तास बरा झाला. एम-पैसा इथे 2010 पासून आहे आणि सुव्यातली मुलं त्यावरून घरी पैसे पाठवतात, त्यामुळे लोकांना ओळख होती. नवीन काय शिकवलं तर आलेला पैसा लगेच सगळा काढून न घेता मळ्याचा डबा म्हणून फोनमध्येच ठेवायचा. ज्या घरी डब्यातले पैसे सगळ्यांना दिसतात तिथे याचा उपयोग होतो. गुप्त आकडा दुकानदाराला सांगायचा नाही, हेही तीनदा बजावलं. सभागृहाच्या जाड भिंतींत रेंज येत नव्हती म्हणून सगळा वर्ग आंब्याखाली भरला.

विम्याला चाळीसच मिनिटं दिली. कमी पडली. 20 फेब्रुवारी 2016 ला विन्स्टन चक्रीवादळ आलं, तेव्हाच्या गोष्टी इथे अजून रोज निघतात. चाचांचा अख्खा मळा आडवा झाला होता. यांगोनाची झाडं सगळीकडे गेली म्हणून पुढे भाव कडाडले आणि ज्यांची थोडी झाडं वाचली त्यांनी घरं बांधली. 2021 पासून फिजीत छोट्या शेतकऱ्यांसाठी वेगळ्या पद्धतीचा विमा आला आहे. त्यात नुकसान बघायला कुणी मळ्यात येत नाही. वाऱ्याचा वेग किंवा पाऊस ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की पैसे मिळतात. म्हणून ते लवकर मिळतात. पण याचीच दुसरी बाजू अशी की तुमचा मळा झोपला आणि वाऱ्याचा आकडा मात्र तेवढा भरला नाही, तर काहीच मिळत नाही. ही दुसरी बाजू बाईंनी एका वाक्यात उरकली. ज्याच्या बाबतीत असं होईल तो माणूस पुन्हा कधी विम्याचं नाव काढणार नाही, म्हणून तीच बाजू आधी आणि सावकाश सांगायला हवी.

यांगोनाबद्दल मात्र त्या अचूक बोलल्या. इथे उभा यांगोना म्हणजे बँक. पैसे लागले की दोन झाडं उपटायची. पण दोन वर्षांचं झाड उपटलं तर मुळ्या बारीक, आणि पैसा असतो तो मुळ्यांतच. वाका म्हणजे मुळ्या, त्यांना बुंध्याकडच्या लेवेनापेक्षा जास्त भाव. बाईंनी सांगितलं, मळ्यातली एक ओळ ठरवून अडीअडचणीची म्हणून बांधून टाका. तिला रंगीत चिंधी लावा. गरज पडली तर त्याच ओळीतलं उपटायचं, बाकीच्या ओळींना हात नाही. चाचांनी त्याच संध्याकाळी चाचींच्या जुन्या साडीच्या निळ्या पट्ट्या फाडून सोळा झाडांना बांधल्या. माझ्या खिडकीतून त्या दिसतात.

आणखी एक सांगते. पहिल्या दिवशी पुरुष पुढे आणि बायका मागे बसल्या होत्या. मंगळवारी मोमोंच्या पत्नी बोलल्या, त्यानंतर बाईंनी बसण्याची रचना बदलली आणि नवरा-बायकोला एका चटईवर, एका वहीपुढे बसवलं. प्रमाणपत्रं मात्र शुक्रवारी फक्त नोंदवलेल्या नावाला मिळाली, म्हणजे बहुतेक ठिकाणी नवऱ्याला. वही ठेवणारीच्या हातात कागद आला नाही. चाचींनी काही बोलून दाखवलं नाही, पण मला ते लागलं आणि मी तसं लिहून दिलं.

कार्यशाळेनंतर संस्थेचं कुणीही परत आलं नाही. एक फोनसुद्धा नाही. पाच दिवस जीव ओतून शिकवायचं आणि पुढच्या काढणीला बघायलाही यायचं नाही, हे मला पटत नाही. निदान एकदा, सहा महिन्यांनी, वह्या उघडून बसायला हवं होतं.

ते काम मी माझ्यापुरतं केलं. वही अजून चालू असलेली घरं माझ्या माहितीत अकरा आहेत. त्यातली सात बायका चालवतात. मोमोंनी ऑक्टोबरच्या विक्रीतून शाळेचे पैसे आधीच वेगळे काढले, बिस्किटांच्या तिसऱ्या डब्यात. जानेवारीत त्यांनी मळ्याला हात लावला नाही. जुलैचा दालो मार्चमध्ये काढला. जवळजवळ तेवढाच माल निघाला आणि 90 च्या जागी 35 किलो परत आला. चाचांनी यांगोना लावायचा की नाही हे अजून ठरवलेलं नाही, पण जमिनीच्या मालकांशी पट्टा वाढवण्याची बोलणी मात्र सुरू केली. ती एरवी शेवटच्या वर्षावर गेली असती. मी स्वतः सुव्याला माल पाठवणं बंद केलं.

कोणी जावं? ज्यांचा दोन-तीन एकरांचा मळा आहे आणि घरातली किमान दोन माणसं बरोबर येऊ शकतात, त्यांनी जरूर जावं. एकट्याने जाऊ नये, घरी आल्यावर वही पडून राहते. ज्यांना कर्ज काढायचंय त्यांनी केवळ या कार्यशाळेच्या भरवशावर सही करू नये. आणि जाताना गेल्या काढणीच्या पावत्या सोबत न्या, पुस्तिकेतल्या खोट्या उदाहरणांपेक्षा आपल्या पावत्यांवर जास्त शिकायला मिळतं. पाचपैकी साडेतीन देते. त्यातले तीन त्या बाईंचे.

पुढची कार्यशाळा आमच्याच भागात व्हावी म्हणून आम्ही संस्थेकडे अर्ज दिलाय. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत: बुधवार सोडून चार दिवस, फिजी हिंदीत बोलणारा एक माणूस आणि प्रमाणपत्रावर दोन्ही नावं. खाली सव्वीस सह्या आहेत. पहिली मोमोंच्या पत्नींची.